वाटी रिकामी जाऊ नये म्हणून

मित्रांनो, मी एक जुनी स्टीलची वाटी आहे. ओंजळीत मावेल एवढी, जाड काठाची. माझ्या बुडाला एक पोचा आहे, त्यामुळे सपाट ओट्यावर ठेवली तरी मी जराशी डुलते. तो पोचा कसा पडला ते पुढे येईलच. आधी एक गोष्ट कबूल करते. मी फार भित्री आहे. मांजराने पाडले, आगीवर राहून काळी पडले, तरी मला काही वाटत नाही. पण कुणी मला धुऊन फळीवर पालथी घातली आणि बरेच दिवस उचललेच नाही, तर माझा जीव घाबरा होतो. असे एकदा झाले होते. त्याचीच ही हकिगत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. मी पत्र्याची एक गोल चकती होते. यंत्राचा दट्ट्या वरून आला आणि क्षणात मला खोली आली. पॉलिश होऊन मी सांगलीच्या बाजारपेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानात पोचले. शेजारी हळदीच्या पोत्यांची चढउतार चाले. त्या पिवळ्या धुळीचा थर रोज सकाळी दुकानदार माझ्या अंगावरून पुसायचा.

एका दुपारी एक जोडपे आले. ज्योतिबा आणि हरणाबाई. त्यांचे अर्धे आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेले होते, आणि घोड्याच्या पाठीवर बांधता येईल तेवढाच त्यांचा संसार होता. आता विट्यापलीकडच्या एका वाडीत त्यांनी घर बांधले होते, म्हैस घेतली होती. हरणाबाईने मला उलटसुलट करून पाहिले, काठ दाताने चावून पाहिला आणि हिला गंज चढतो का असे विचारले. दुकानाच्या पायरीवर नावे घालणारा बसला होता. त्याची सुई घरघरत माझ्या अंगात शिरली तेव्हा मी भीतीने गोठले. सुई थांबली, तेव्हा माझ्यावर हरणाबाईचे नाव होते.

पण गंमत अशी की माझे पहिले काम दुसऱ्याच घरात होते. म्हशीचे दूध घरात आले, पण दही लावायला विरजण नव्हते. वाडीत हरणाबाई नवी. ती मला पदराखाली धरून शेजारच्या दारात उभी राहिली. ते घर रंगुबाईचे. तिचे यजमान सयाजी फौजेत, घरात ती, सासू आणि लहानगा धनाजी. हरणाबाईच्या हाताला सुटलेला घाम मला लागत होता.

रंगुबाईने विचारले, "हातात काय हाय?"

"वाटी."

"मग आत ये की. वाटी काय दारात भरत्यात व्हय?"

रंगुबाईने गाडग्यातले चमचाभर दही माझ्यात घातले. ते विरजण तिच्या सासूच्याही सासूपासून चालत आलेले होते. विरजणाबद्दल थोडे सांगायला हवे. त्यात डोळ्यांना न दिसणारे जिवाणू असतात. कोमट दूध मिळाले की ते वाढतात, दूध फार तापलेले असेल तर मरतात. आणि नवे दूध मिळालेच नाही, तर आपणच केलेल्या आंबटपणात हळूहळू दुबळे होत जातात. म्हणून विरजण जपायचे म्हणजे ते झाकून ठेवायचे नसते. रोज थोडे काढून नव्या दुधात सोडायचे असते. एका घरचे बिघडले तर दुसऱ्या घरून आणता येते, म्हणून ते चार घरांत असलेले बरे.

आमच्या भागात शेजारणीच्या घरी वाटी रिकामी जाऊ देत नाहीत. दुसऱ्या दिवशी हरणाबाईने माझ्यात लोणी घालून मला रंगुबाईकडे नेले. रंगुबाईने लोणी काढून शेंगदाण्याची चटणी भरून मला परत पाठवले. मग हुलग्याच्या पिठाचे पातळ माडगे गेले, कारळ्याची चटणी आली. माझ्यावर नाव एकीचे होते, संसार मात्र मी दोघींचा केला. एकदा घाईत हरणाबाईने माझ्यात नुसती साखर घातली. रंगुबाईने आत बघितले आणि म्हणाली, "साखर पाव्हण्याला देत्यात. मी काय तुजी पाव्हणी हाय व्हय?" हरणाबाई खूप हसली. पण त्या दिवसापासून दोघींत एक नियमच झाला. माझ्यात जायचे ते हाताने केलेलेच जायचे. हा हसण्यावारी झालेला नियम पुढे एकीच्या जिवावर बेतेल, असे तेव्हा कुणाला वाटले असते?

दोन्ही परसांच्या मध्ये एक बुटकी दगडी भिंत होती. तिच्यावर एक सपाट दगड होता. जिच्याकडे मी असे ती मला त्या दगडावर दोनदा आपटून पलीकडचीला हाक मारी. "आक्का, वाटी आली," नाहीतर "हरणे, न्हे तुजी वाटी." मग तासभर भिंतीच्या दोन बाजूंना दोघी. सासूची गाऱ्हाणी, म्हशीचा आजार, फौजेतून न आलेले पत्र, ज्योतिबाची चिलीम. भांडणेही तिथेच होत आणि मिटतही तिथेच. माझ्या बुडाचा पोचा त्या दगडाने दिला आहे.

वर्षे गेली. सासू गेली. सयाजी पेन्शनीत आले आणि काही वर्षांनी गेले. ज्योतिबाही गेला. वाडीला कालव्याचे पाणी आले, ऊस आला. धनाजीला खंडाळ्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि तो बायकोमुलीसह तिकडे राहायला गेला. हरणाबाईजवळ तिचा मुलगा जोतीराम होता, सून होती. रंगुबाई एकटी राहिली.

धनाजी चांगला मुलगा आहे, हे मला स्पष्ट सांगायचे आहे. आईचे गुडघे दुखतात म्हणून त्यानेच आग्रह करून म्हैस विकायला लावली. फ्रिज आणून दिला. रोज पिशवीचे दूध दारात यावे अशी सोय केली. मोबाईल दिला. आईला काही म्हणजे काही कमी पडू नये असे त्याला मनापासून वाटे.

म्हैस गेली तेव्हा घरातले दूध गेले, एवढे सगळ्यांना दिसले. पण म्हशीमुळे रंगुबाई दिवसातून कितीदा उंबरा ओलांडे, कडब्यासाठी कुणाशी बोले, दुधाला येणाऱ्या बायका ओट्यावर किती वेळ टेकत, हे कुणी मोजले नव्हते. आता दारात कुणी टेकत नव्हते. तिच्या गाडग्यातले विरजणही संपले. पिशवीच्या दुधाचे दही ती कशाला लावेल?

त्याच हिवाळ्यात हरणाबाईची म्हैस व्याली. पहिला चीक माझ्यात भरून तिने तो रंगुबाईकडे पोचवला. रंगुबाईने गूळ घालून खरवस केला आणि चवीने खाल्ला. मग तिने मला घासले, पुसले आणि फळीवर पालथी घातली. स्वतःशीच म्हणाली, "उद्या कायतरी करून दिती."

दुसऱ्या दिवशी तिची बोटे सुजली होती. शेंगदाणे भाजणे, सोलणे, कुटणे तिच्याने होईना. मग परवा करू असे ठरले. साखरेचा डबा समोरच होता. पण साखर द्यायची नव्हती. चीक आला होता, म्हणजे त्याच्या तोडीचे काहीतरी जायला हवे होते. जसा उशीर होत गेला तसे आणखीच चांगले काहीतरी द्यायला हवे असे तिला वाटू लागले, आणि जसे चांगले द्यायचे ठरे तसे ते करणे अवघड होई. रिकाम्या हाताने भिंतीशी जायची तिला लाज वाटू लागली. मग ती परसातच जाईनाशी झाली.

मी फळीवरून सगळे पाहत होते. आधी रंगुबाईचा स्वयंपाक कमी झाला. "एकटीसाठी काय चूल पेटवायची," म्हणून ती चहात बिस्कीट बुडवून खाई. मग तिचा आवाज बदलला. धनाजीचा फोन आला की पहिले शब्द खरखरत निघत, कारण दिवसभरात तेच पहिले शब्द असत. तो विचारी, आई, घसा बसलाय का? ती म्हणे, "बरी हाय मी. समदं हाय घरात." सुरुवातीला ती माझ्याशी बोलायची. हरणी काय म्हणत असंल गं, असे विचारायची. मग तेही थांबले. माझ्या काठाखाली धूळ साचली. मित्रांनो, त्या घरात फ्रिजच्या गुरगुरण्याशिवाय आवाज नव्हता. मला वाटे, एक दिवस हिचा श्वास थांबेल आणि फ्रिज मात्र तसाच गुरगुरत राहील.

आणि भिंतीपलीकडे काय चालले होते? हरणाबाई रोज त्या सपाट दगडाकडे बघत होती. टकटक काही होत नव्हती. वाटी ठेवून घेतली म्हणजे आता देवाणघेवाण नको, असा अर्थ वाडीतली कुणीही बाई काढेल. तिनेही काढला. तिला वाटले, मुलाने फ्रिज दिला, बंद डब्यातले दही येते, आता धनगराच्या घरचा चीक आक्काला कशाला गोड लागेल? ती रुसली. जाऊन विचारावे असे दहादा मनात आले, पण वाटी मागायला आली असे दिसेल म्हणून गेली नाही. एक द्यायला काही नाही म्हणून थांबली होती, दुसरी मागितल्यासारखे होईल म्हणून. मी मध्ये पालथी होते.

शेवटी एका सकाळी रंगुबाई निश्चयाने उठली. आज कारळे भाजायचेच. तिने मला फळीवरून घेतले, पदराने पुसले. मला किती आनंद झाला. कारळ्याचा डबा वरच्या फळीवर होता. एका हातात मी, दुसरा हात भिंतीला, असे करत ती पाटावर चढली आणि पाटावरून स्टुलावर. मला ओरडता आले असते तर मी ओरडले असते.

स्टूल सरकले. डबा खाली आला, कारळे सगळीकडे उधळले. मी फरशीवर आपटून लांब गेले आणि परत फिरून तिच्या हाताजवळ येऊन थांबले. रंगुबाई कुशीवर पडली होती. तिने उठायचा प्रयत्न केला आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता.

स्वच्छ ऊन होते. खिडकीतून ते फरशीवर आले होते. ऊसतोडीचे दिवस, वाडी रानात गेलेली. रंगुबाईने हाका मारल्या, पण इतके दिवस न वापरलेला तो आवाज स्वयंपाकघराबाहेरही गेला नसेल. पुढच्या खोलीत मोबाईल वाजला. वाजून थांबला. पुन्हा वाजला. ती त्या दिशेने बघत राहिली. दुधाची पिशवी सकाळीच येऊन गेली होती. आता उद्यापर्यंत या दारात कुणी येणार नव्हते. हा हिशोब मी केला आणि तिनेही केला असावा, कारण तिचे डोळे एकदम मोठे झाले.

मग तिचा हात माझ्यावर आला. तिने मला उचलले आणि फरशीवर आपटले. टक, टक.

पलीकडच्या परसात हरणाबाई शेण्या लावत होती. तिने ऐकले. आम्हाला तिचा आवाजही आला. "येतंय ऐकू," ती म्हणाली, "लवकर याद आली म्हनायची. वाटी द्यायची तर दारात यिऊन दे. मी न्हाई येत भिंतीपाशी."

रंगुबाईने ओठ हलवले. शब्द आला नाही. पलीकडे शेणी थापल्याचा आवाज सुरू झाला, मग तोही थांबला. हरणाबाई घरात निघून गेली असावी. तेवढ्यात रंगुबाईच्या घामट बोटांतून मी निसटले आणि गडगडत निघाले. त्या क्षणाची भीती मला अजून आहे. मी ओट्याखाली गेले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण बुडाच्या पोच्यामुळे मला सरळ घरंगळता येत नाही. मी वाकडी फिरले आणि तिच्या बोटांच्या टोकाशी थांबले. तिने नखांनी मला ओढून घेतले. टक, टक, टक, टक. आता ती मोजत नव्हती. माझ्यात बळ असते तर मी स्वतःच आपटले असते.

परसदार धाडकन उघडले. हरणाबाई आली होती. मदतीला नव्हे, चांगले भांडायला आली होती. ती बाहेरूनच बोलत आली, "एवढा काय त्यो ताल धरलाय? माजा चीक गिळून बसलीस ती बसलीस, आन् आता वर..."

तिला फरशीवर पडलेली रंगुबाई दिसली. ती कारळ्यांवरून घसरत आली, खाली बसली आणि तिने रंगुबाईचे डोके मांडीवर घेतले. "आगं आक्का. आगं माजे आक्का."

रंगुबाईने मला तिच्यापुढे केले. "हरणे, वाटी रिकामीच हाय गं."

"मरू दे ती वाटी," हरणाबाई म्हणाली.

मित्रांनो, माझ्याबद्दल इतके चांगले कुणी कधी बोलले नाही.

जोतीरामने गाडी आणली. रंगुबाईचा खुबा मोडला होता. तिला सांगलीला दवाखान्यात नेले. हरणाबाईने गडबडीत पिशवीत लुगडे, चादर भरली आणि पाणी पाजायला म्हणून मलाही कोंबले. अशा रीतीने मी पुन्हा सांगलीला गेले. या वेळी हळदीचा वास नव्हता, औषधांचा होता. शस्त्रक्रियेच्या खोलीचे दार बंद असताना हरणाबाई मला दोन्ही हातांत धरून बसली होती. तिचा हात पुन्हा तसाच घामेजला होता, पहिल्या दिवशी विरजण मागायला जाताना होता तसा.

रंगुबाई शुद्धीवर आल्यावर दोघींनी एकमेकींना सगळे सांगितले. मी भिंतीपलीकडचे तेव्हा ऐकले. सांगता सांगता त्या भांडल्या. तू ईचारायचं हुतंस, तू यायचं हुतंस, असे बराच वेळ चालले. शेजारच्या खाटेवरची बाई हसायला लागली.

धनाजी खंडाळ्याहून आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. फोन उचलला गेला नाही तेव्हा आई परसात असेल असे त्याला वाटले होते, आणि तेच त्याला खात होते. त्याने डॉक्टरीणबाईंना सांगितले, आता आईला इथे ठेवत नाही, खंडाळ्याला नेतो. दुसऱ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे, दिवसभर सांभाळायला बाई ठेवतो. हे ऐकून रंगुबाईने तोंड भिंतीकडे केले. हरणाबाई माझ्या काठावरून बोट फिरवत राहिली. माझे काय होणार हे मला कळत होते. एकीचे घर जाणार होते आणि दुसरीला वाट बघायलाही कुणी उरणार नव्हते.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, हळू बोलत. त्यांनी कुठे न्यायचे ते सांगितले नाही. त्यांनी विचारले, तिकडे त्यांच्याशी बोलायला कोण येईल? त्या म्हणाल्या की म्हातारपणी ज्यांच्याकडे माणसांचे येणेजाणे असते ती माणसे एकट्या पडलेल्यांपेक्षा सहसा जास्त जगतात, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मग त्यांनी अगदी साधे वाक्य सांगितले. "हाड मी बसवलंय. पण आजींनी चालायला हवं, आणि चालायला कुणाकडे तरी जायचं असावं लागतं."

धनाजीने आईच्या खाटेवर टेकून विचारले, "आई, खरं सांग. कुटं ऱ्हायचं तुला?"

"हरणीची वाटी द्याची ऱ्हायलीय," रंगुबाई म्हणाली.

धनाजीने सुट्टी घेतली. वाडीत आल्यावर त्याने पहिले काम केले ते म्हणजे दोन परसांमधली भिंत मधोमध फोडली. वॉकर जाईल एवढी वाट केली, तिच्यावर फरश्या टाकल्या. सपाट दगड मात्र त्याने बाजूला नीट बसवून ठेवला. सकाळी रंगुबाईने दार उघडले नाही तर जोतीरामच्या बायकोने धनाजीला फोन करायचा, असे ठरले. फ्रिजही राहिला. फ्रिजशी माझे वैर नाही.

मग तो दिवस आला. रंगुबाईचे दोन्ही हात वॉकरवर, म्हणून मला एका कापडी पिशवीत घालून वॉकरला अडकवले होते. एकेक पाऊल टाकत ती त्या वाटेने पलीकडे गेली. मी पिशवीत थरथरत होते. माझ्यात काहीच नव्हते. विरजण मागायला गेले तो पहिला दिवस सोडला, तर इतक्या वर्षांत मी या दोन घरांत कधी रिकामी गेले नव्हते.

हरणाबाई दारात उभी होती. पुढे झाली नाही, हात दिला नाही. तिला येऊ दिले. मग तिने पिशवीतून मला काढले आणि आत बघितले.

"रिकामीच?"

"रिकामीच," रंगुबाई म्हणाली आणि धापा टाकत ओट्यावर बसली.

"बरं झालं. मला वाटीच पायजे हुती."

ती आत गेली आणि माझ्यात दही घालून घेऊन आली. हे दही कोणाचे, हे तुम्हाला कळलेच असेल. रंगुबाईच्या घरात संपलेले तिच्या सासूच्या सासूचे विरजण हरणाबाईच्या गाडग्यात जिवंत होते. रंगुबाईने बोट बुडवून चाखले. मग ती रडली, आणि हरणाबाईने तिला आंबट झालंय का असे विचारले.

आता मी रोज त्या वाटेने जाते-येते. कधी भरलेली, पुष्कळदा रिकामी. तरी माझी भीती गेलेली नाही. दोघीही थकल्या आहेत. संध्याकाळी मी ज्या फळीवर असते तिथून सकाळच्या वॉकरच्या आवाजाची वाट बघते, आणि तो यायला जरा उशीर झाला की माझा काठ थंड पडतो. एक दिवस तो आवाज येणार नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी कुणाला तरी ते लगेच कळेल, एवढा धीर आता मला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वाटी, डबा, ताटली अशी असेल, जी शेजारच्या आजीआजोबांची आहे आणि द्यायची राहून गेली आहे. आई म्हणाली असेल, काहीतरी चांगले केले की देऊ. कृपा करून त्याची वाट बघू नका. आजच ते भांडे उचला आणि त्यांच्या दारात जा. आत बोलावतील. थोडा वेळ बसा. भांडी पालथी पडलेली दिसली तर आज काय जेवलात, ते विचारा.

वाटी रिकामी असली तरी चालेल.